पोकळ झाडांचा हुकूम

फार फार वर्षांपूर्वी, पक्ष्यांना माणसांची भाषा येत होती आणि माणसांत निदान ऐकून घेण्याची रीत होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका राजाला नवा राजवाडा बांधायचा होता. चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड हवे होते आणि राजाचे जंगलावर प्रेमही होते. कारभाऱ्याने दोन्ही सांभाळले. त्याने हुकूम काढला की जिवंत झाडाला कुऱ्हाड लावू नये. पोकळ झाडे तेवढी तोडावीत, कारण ती निकामी असतात. दरबाराने माना डोलावल्या. आतून पोकळ असणाऱ्यांची तिथे कमतरता नव्हती, पण हुकूम झाडांपुरता होता.

लाकूडतोडे कुऱ्हाडीच्या पाठीने खोडे ठोकत जंगलात शिरले. भरीव खोड ‘ठक्’ वाजे, ते पुढे जात. पोकळ खोड ‘ढब्’ वाजे, मग घाव सुरू होत.

त्या जंगलात धनेश पक्ष्यांची वस्ती होती. धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसे झडतात. नवी पिसे येईपर्यंत तिला उडता येत नाही. नर बाहेरून फळे भरवतो. भरीव झाडात हा संसार होत नाही.

पहिल्या वर्षी धनेशांनी दुसऱ्या ढोल्या शोधल्या. दुसऱ्या वर्षी एकेका ढोलीसाठी चार-चार जोड्या भांडल्या. तिसऱ्या वर्षी भांडायला कोणी उरले नाही. एका म्हाताऱ्या बेहड्याच्या ढोलीत शेवटची मादी होती आणि तिच्या पोटाखाली दोन पिल्ले.

तिला बाहेरचे फारसे दिसत नसे, ऐकू मात्र सगळे येई. ठक्. ठक्. ढब्. मग बराच वेळ घाव, आणि मग काहीतरी मोठे कोसळल्याचा हादरा. तो मुळांतून तिच्या पायांपर्यंत पोचे. रोज थोडा जास्त.

“अहो, आज आवाज जवळून आला,” ती फटीतून म्हणाली.

“वारा असेल.”

“वारा ठोकून बघतो का?”

तिच्या चोचीत उंबर ठेवून नर थेट कारभाऱ्याकडे उडाला.

कारभाऱ्याने सगळे शांतपणे ऐकले. ऐकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. झाडात घर आहे हे सिद्ध व्हायला हवे, असे तो म्हणाला. राहणारीने जातीने दरबारात हजर व्हावे.

“ती कशी येणार, सरकार? तिला पिसे नाहीत.”

“मग पिसे आल्यावर येऊ दे. आम्हाला घाई नाही.”

“लाकूडतोड्यांना आहे.”

“त्यांना हुकूम आहे,” कारभारी म्हणाला. मात्र तो अगदीच निर्दय नव्हता. धनेश पक्ष्याला कोणी मारू नये, अशी दवंडी त्याने त्याच दिवशी पिटवली.

नर परतला तेव्हा माणसे बेहड्याखाली पोचली होती.

“काय म्हणाले?” मादीने हळूच विचारले.

“आपल्याला कोणी मारणार नाही म्हणाले.”

तिने पिल्लांना गप्प केले. उरलीसुरली पिसे फुलवून ती खोडाच्या आतल्या बाजूला अंग दाबून बसली. कदाचित भरीव वाजेल.

ढब्.

त्या हंगामात नर रोज उंबर आणून बेहड्याच्या बुंध्यावर ठेवत राहिला. त्याला कोणी हात लावला नाही. दवंडी काटेकोर पाळली गेली. पुढच्या वर्षी तोही दिसला नाही.

मोठ्या फळांच्या बिया गिळून दूरवर टाकणारे आता कोणी नव्हते. नवी झाडे उगवेनात. जुनी म्हातारी होत एकेक करून पोकळ होऊ लागली, आणि हुकूम चालूच होता. एकही जिवंत झाड न तोडता जंगल संपले, असे कारभाऱ्याने राजाला अभिमानाने कळवले.

मग झरे आटले. लोक राजधानी सोडून गेले. शेवटी राजा आणि कारभारीही गेले. तो राजवाडा अजून उभा आहे म्हणतात. त्याच्या दारावर ठोकले, तर आतून एकच आवाज येतो. ढब्.

तात्पर्य : ज्याची राहती जागा काढून घेतली, त्याचा जीव वेगळा घ्यावा लागत नाही.