नगाऱ्याआधी खुडलेलं पान

माझी गोष्ट सुरू असताना आजवर एकही माणूस उठून गेलेला नाही. बरेचसे घोरत असतात, ते उठणार कसे, हा भाग वेगळा.

तर फार फार मागे, डोंगराच्या पायथ्याशी विड्याच्या पानांचं एक गाव होतं. गावातला सगळ्यात मोठा पानमळा एका शेटचा. एक बाजार उगवतीला, दुसरा मावळतीला, दोन्ही दिवसभराच्या वाटेवर. दोन्हीकडे वेशीजवळची पहिली गादी शेटची, आजोबांपासून चालत आलेली. पण बाजाराचा नियम असा, की वर्षभर ज्याचं पान ताजं, त्याची गादी पहिली. दर दसऱ्याला महाजन ती ठरवायचे.

अडचण एकच. आज कुठल्या बाजाराला पान हवं, हे कुणालाच कळायचं नाही. गाडी उगवतीला न्यावी, तर लग्नं मावळतीला निघायची. परत येईपर्यंत पान पिवळं. माझ्या दातांसारखं, असं कुणी म्हणायच्या आत पुढे सांगतो.

शेटला युक्ती सुचली. त्याने डोंगरमाथ्यांवर नगारे बसवले. बाजाराजवळच्याने ठोका द्यायचा, पुढच्याने ऐकून पुढे धाडायचा. उगवतीला मागणी असेल तर एक ठोका, मावळतीला असेल तर दोन. दिवसभराच्या वाटेवरची बातमी जेवणाच्या पाटावर येऊ लागली. एवढं तर राजाकडेही नव्हतं. शेट मिशीला तूप लावून फिरू लागला.

पण पान खुडायचं ते सूर्य उगवायच्या आत, ही शेटच्या घरची रीत. आजोबा तसंच करायचे. म्हणून पहाटे पान खुडलं जायचं, टोपल्या भरायच्या, गाडी आजोबांच्याच उगवतीच्या वाटेला लागायची. दुपारी नगारा वाजायचा. दोन ठोके. शेटचा घास हातातच राहायचा. पूर्वी नुकसान गाडी परत आल्यावर कळायचं, आता जेवता जेवता कळू लागलं.

दिवाणजी भीत भीत म्हणाले, की खुडणी जरा पुढे ढकलावी. शेट म्हणाला, नगारे आणखी मोठे करा.

शेजारी एका तांबोळणीचा लहानसा मळा होता. नगारा काही एकट्या शेटच्या कानात वाजत नव्हता. ती सकाळभर अंगणात पाय पसरून बसायची. आयाबाया हसायच्या, की ही आळशी, भर दुपारी वेलीला हात लावते, हिच्या हातचं पान कोण खाईल. नगारा वाजला की ती उठायची, पान खुडायची, ओल्या केळीच्या पानात बांधायची आणि उन्हं कलताना निघायची. बाजार उघडायला ती दारात हजर. नगारा गप्प राहिला तर पान वेलीवर आणि ती बाजेवर. वेलीवरचं पान रातोरात शिळं होत नाही, एवढं तर मलाही कळतं, आणि मी शाळेच्या ओसरीपलीकडे गेलो नाही.

दसरा आला. महाजनांनी दोघांची पानं हातात घेऊन वाकवून पाहिली. शेटचं पान ओल्या फडक्यासारखं लोंबलं, तिचं कटकन मोडलं. दोन्ही बाजारांतल्या पहिल्या गाद्या तांबोळणीकडे गेल्या. शेटला जागा मिळाली ती सुक्या मासळीच्या ओळीला लागून. त्याच्या पानाला बोंबलाचा वास येऊ लागला.

बातमी लवकर येऊ लागली, तर कामाची रीतही बदलावी. नाहीतर हसं तेवढं लवकर होतं. तात्पर्य आधीच सांगून टाकलं, कारण या गोष्टीत शेवटचा शब्द माझा नाही.

शेट तणतणत तिच्या गादीपुढे आला. "नगारे माझे, वाजवणारे माझ्या घरचं जेवतात, आणि गादी तुझी?"

तांबोळणीने एक विडा लावला, चुना जरा सढळ हातानेच, आणि पुढे केला.

"नगारे तुमचेच, शेटजी. पण वाजवायला एवढी माणसं ठेवलीत, ऐकायला घरात एक तरी ठेवायचं होतं."