तीन वर्षांची सून

"अगं, गाडीवरून विषय निघाला अन् पाहुणे उठलेच की!" तारळेकरांच्या कामवाल्या मावशी फोनवर एवढं बोलत जिना उतरून गेल्या. शेजारच्या शेंडेवहिनींचा जीव खाली-वर झाला. तारळेकरांच्या स्नेहलला बघायला आज पाहुणे आले होते, आणि तिला मुलगा मनापासून आवडला होता. साखरेची वाटी घेऊन वहिनी तडक तारळेकरांकडे गेल्या. स्नेहलच्या आईने त्यांना सगळं सांगितलं.

मुलाचे वडील, वाळिंबेसाहेब, बसल्याबसल्याच म्हणाले होते, "खालची ती गाडी तुमचीच का हो? भंगारात कधी देताय?"

"जुनीच घेतली, चौदा वर्षं वापरतोय," तारळेकर म्हणाले. "सर्व्हिसिंग कधी चुकवलं नाही. नव्या गाडीच्या हप्त्यांत गेले असते ते पैसे वाचले, त्यात हिचं शिक्षण झालं."

"आमच्याकडे नाही बुवा असलं चालत. तीन वर्षं झाली की बदलायची! जुनं झालेलं आम्ही घरात ठेवतच नाही."

चहा घेऊन आलेल्या स्नेहलने शांतपणे विचारलं, "काका, मग सुनेचं कसं? तिचीही तीनच वर्षं धरायची का?"

पहिलं हसू फुटलं ते साहेबांच्या बायकोला. "पोरी, मी तीस वर्षं कशी टिकले, तेच मला कळत नाही!" मग मुलगा हसला, आणि शेवटी साहेबही.

"मग आता आहेत कुठे सगळे?" वहिनींनी विचारलं.

आईने गॅलरीतून खाली बोट दाखवलं. गाडीवरून पाहुणे उठले होते, हे खरंच होतं. पण त्याच गाडीत दाटीवाटीने बसून ते साखरपुड्याचा हॉल बघायला निघाले होते.