दोन जावांचं विमान

फार वर्षांपूर्वी, कातळबंदरात अजून विजेचे खांब आले नव्हते तेव्हाची गोष्ट. माघातल्या एका सकाळी शेवंतीने आपल्या विमानाच्या वरच्या पंखावर टिचकी मारली, आणि पंख बोलला नाही.

एरवी रोज बोलायचा. भाताच्या पेजेची खळ देऊन, वर होडीचं रोगण फासून ताणलेलं ते धोतराचं कापड टिचकीसरशी हलगीसारखं वाजायचं. त्या दिवशी नुसतं 'थप' झालं, ओल्या घोंगडीवर हात मारल्यासारखं. तिने खालचा पंख वाजवून पाहिला. तिथेही थप. बाहेर आभाळ लख्ख होतं, दव नेहमीइतकंच पडलं होतं, तरी कापड सैल झालं होतं. हवेत कुठूनतरी पाणी शिरत होतं आणि ते अजून कुणाच्या डोळ्याला दिसत नव्हतं.

तिचा बाप भिकू तांडेल, म्हणजे मोठ्या होडीचा म्होरक्या, तेव्हा जाळ्यांकडे निघाला होता. होडीत तो धरून नऊ माणसं. शेवंती तशीच धक्क्यावर धावली.

"बाबा, पंखाचं कापड सैल पडलंय. आज नका जाऊ."

"मग उन्हात घाल की गो. मी काय होडीला पंख लावून चाललोय?"

होडीतले हसले. हसणारच. शेवंती म्हणजे गावातली दचकरी पोर. झावळी पडली की दचकायची, मांजर शिंकलं की दचकायची, कुणी मागून हाक मारली तर कमरेवरची कळशी सोडून द्यायची. शेजारची तुळसाकाकू तर सगळ्यांना सांगायची, "हिला कोंबडीनं अंडं घातलं, हेसुद्धा हळू सांगायला लागतं." तेव्हा असल्या पोरीच्या सांगण्यावरून होडी कोण थांबवणार? होडी गेली. तुळसाकाकूचा नवरा आणि दोन मुलगेही तिच्यातच गेले.

आता अशा भित्र्या पोरीकडे विमान आलं कुठून, तर तेही सांगतात. तिचा पांडूमामा परदेशी बोटीवर खलाशी होता. एकदा सुट्टीवर येताना तो एक पेटी घेऊन आला. पेटीवर उंच तार आणि दोन छोटे दांडके. दांडका हलवला की पलीकडच्या खोलीत ठेवलेल्या डबीतलं चाक आपोआप फिरे, मध्ये दोरी नाही, साखळी नाही. सोबत पेट्रोलवरचं एक लहानसं इंजिन आणि विमानाच्या चित्रांचा कागद. मामाला वाटलं, पोरगी चार दिवस खेळेल आणि ठेवून देईल. शेवंतीने पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासलं, बांबूच्या कामट्या काढल्या, मासे धरायच्या तंगुसाने पंख एकमेकांना बांधले, आणि दोन पावसाळे घरात बसून, पोटात ती डबी बसवलेलं विमान केलं. लहान नव्हे. या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड वाव, म्हणजे उंच माणसाने हात पसरले तरी पुरायचं नाही. काही जण दोन वाव सांगतात. काही जण होडीएवढं सांगतात, पण ते नुसते धक्क्यावर बसणारे.

पंखांच्या दोन जोड्या, एकावर एक. गावाने त्याचं नाव ठेवलं 'जावाजावा'. एका घरात दोन जावा, एक माडीवर, एक खाली, आणि दोरीने बांधल्यात म्हणून भांडत नाहीत.

पहिल्यांदा जावाजावा फणसात अडकली. दुसऱ्यांदा देवळाच्या तळ्यात पडली. त्याचं असं, की विमान आपल्यापासून दूर जात असलं तर त्याचं डावं ते आपलं डावं. पण तेच वळून आपल्याकडे यायला लागलं, की त्याचं डावं ते आपलं उजवं. शेवंती दोनदा चुकली. तिसऱ्या खेपेला तिने मनाने स्वतःलाच विमानात बसवलं, आणि मग कधी चुकली नाही. असं म्हणतात, की पेटी हातात घेतली की तिचं दचकणं निघून जायचं, शेजारी नारळ पडला तरी पापणी हलायची नाही. असं म्हणतात, की गावावरच्या सड्यावर, त्या सपाट काळ्या कातळावरून विमान उठलं की घारी त्याच्यामागे रांग धरायच्या, आणि आंब्यांवरची माकडं आपणहून उतरून शेजारच्या गावात राहायला जायची. शेजारचं गाव हे अजून मानत नाही. पण त्यांच्याकडे माकडं जास्त आहेत, हे खरं.

तर त्या सकाळी होडी जाऊन घटकाभर झाली असेल नसेल, आणि धुकं आलं. आभाळातून उतरलं नाही, पाण्यातूनच वर आलं. पाहता पाहता खाडी गेली, धक्का गेला, माडांचे शेंडे गेले. गावातल्या बायका सड्यावर चढल्या. वर स्वच्छ ऊन होतं आणि खाली नजर जाईल तिथवर दूध सांडल्यासारखं पांढरं. धक्क्यावरच्या कंदिलाच्या खांबाचं टोक तेवढं त्यातून वर आलेलं, बोटभर.

खाडीच्या तोंडाशी दोन खडक आहेत. उत्तरेकडची म्हैस आणि दक्षिणेकडचा रेडा. मधून सरळ आलात तर घरी, जरा बाजूला सरकलात तर होडीच्या ढलप्या. लख्ख उन्हातसुद्धा तांडेल तिथून जाताना बोलायचे थांबतात. बायकांनी हाका मारल्या, थाळ्या बडवल्या. आवाज धुक्यात पडला आणि तिथेच बुडाला.

तेवढ्यात शेवंती विमान डोक्यावर घेऊन वर आली. टाकीत पेट्रोल भरलं, पंखा फिरवला, आणि कातळावरून विमान सोडलं. खांबाच्या त्या बोटभर टोकावर नेऊन तिने ते गोल गोल फिरवायला सुरुवात केली. पिठाच्या गिरणीसारखा त्याचा आवाज. होडीतल्यांना दिसत काही नसलं तरी ऐकू येईल, आणि आवाज तिथे घर, एवढं नऊ माणसांना कळेल, असा तिचा हिशेब.

टाकी वीस मिनिटांची होती. असं म्हणतात, की त्या दिवशी सूर्य कासराभर वर असताना उडालेलं विमान सूर्य डोक्यावर आला तरी फिरतच होतं. वाऱ्याने खालच्या जावेला उचलून धरलं होतं आणि उन्हाने वरचीला, म्हणून पेट्रोल लागलंच नाही, असंही म्हणतात.

आणि मग पेटी हातात असताना शेवंती पहिल्यांदा दचकली.

"काकू, आज त्यांनी जाळी कुठे टाकलीत?"

"मला काय ठाऊक," तुळसाकाकू म्हणाली. "काल म्हशीच्या बाजूला होती. तांडेल काय मला विचारून जातो?"

शेवंतीने दोन्ही खडकांच्या रोखाने पाहिलं. होडी समोरून येत असेल तर ठीक. पण ती उत्तरेला असेल, तर आवाजाच्या रोखाने सरळ येताना मध्ये म्हैस. दक्षिणेला असेल तर मध्ये रेडा. ज्या आवाजाने ती नऊ जणांना घरी बोलवत होती, त्याच आवाजाने ती त्यांना खडकावर ओढत असेल. होडी कुठल्या अंगाला आहे हे कळलं, तर विमान आधी समुद्रावर नेऊन त्यांना वळसा घालून आणता आलं असतं. पण कळणार कसं? ते ओरडत असतील, तरी गिरणीपुढे कुणाचं ऐकू येतंय.

"काकू, मी इंजिन बंद करते."

"डोकं फिरलं काय गो? तेवढाच आवाज हाय त्यांना."

"त्यांना हाय. आपल्याला त्यांचा नाय."

"मग परत चालू कसं करशील? वर जाऊन?"

"नाय होणार परत."

तुळसाकाकू खालच्या पांढऱ्याकडे बघत राहिली. नवरा एक आणि मुलगे दोन.

"कर बंद," ती शेवटी म्हणाली. "पण हाक जोरात मार. तुझी हाक म्हणजे मांजरानं जांभई दिली."

ही गोष्ट सांगणारी माणसं इथे थांबतात, घोटभर पाणी पितात, आणि आधी गावाची रीत सांगून घेतात. शेवंती पुढे म्हातारी होऊन गेली, जाईपर्यंत तिने एकोणीस विमानं केली, आणि तिच्यानंतर गावच्या मुली करत आल्या. पंख अजून धोतराच्या कापडाचे आणि खळ पेजेचीच. आता होड्यांवर वाट दाखवणारी यंत्रं आहेत, मोबाइल आहेत. तरी वर्षातलं पहिलं धुकं पडलं की कातळबंदर सगळं सड्यावर चढतं. विमान खांबावर तीन फेरे घेतं, आणि मग वरच्या वर त्याचं इंजिन बंद करतात. त्या वेळी गावात भांडं वाजत नाही. तान्ही पोरं छातीशी धरतात, कुत्र्यांची तोंडं हाताने मिटतात. जिचं माणूस पाण्यावर आहे अशी एक बाई हाक मारते, आणि पाण्यावरून ओ आल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. मग दुपार झाली तरी चालेल. तांडेलही उगाच मस्करी म्हणून उशीर करत नाहीत. शेवंतीच्या नावाने ओ द्यायची असते, तिच्यात मस्करी चालत नाही.

बाहेरगावच्या सुना पहिल्या वर्षी विचारतात, आवाज करायचा तर बंद का करायचा? त्यांना मग पुढचं सांगतात.

शेवंतीने दांडका खाली ओढला. गिरणी थांबली. इतका वेळ कानात भरलेला आवाज गेल्यावर सड्यावर अशी शांतता पसरली, की बायकांना स्वतःच्या बांगड्यांची भीती वाटली. जावाजावा आवाज न करता तरंगत खाली यायला लागली. आता तिला सांभाळून उतरवायला हवं होतं. पण तोंडाभोवती हात धरल्याशिवाय हाक लांब जात नाही, आणि शेवंतीला हात दोनच. तिने पेटी कातळावर ठेवून दिली. विमान उडवणारं माणूस असं कधी करत नाही.

तिने हाक मारली. "बाबा."

काही नाही. तुळसाकाकूने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बाबा, ओ द्या."

काही नाही. खाली धुकं जरासुद्धा हललं नाही. त्यांच्या मागे जावाजावा सड्याला वळसा घालून आली आणि कातळावर अलगद टेकली, एक कामटी मोडली नाही. तिला कुणी उतरवलं, ते आजवर कुणाला ठाऊक नाही. तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

शेवंतीने छाती भरून श्वास घेतला आणि तिसरी हाक मारली. ती हाक ऐकून शेजारच्या गावातली माकडं झाडांवरून खाली उतरून बसली, असं म्हणतात.

मग उत्तरेकडून नाही, दक्षिणेकडून नाही, तर अगदी त्यांच्या पायांखालून, दोन्ही खडकांच्या आतून, धक्क्यापासून चार हातांवरून एक घोगरा, वैतागलेला आवाज वर आला.

"झोपलीस काय गो? इमान कशाला बंद केलंस? बरी वाट गावली होती."