ओली करंगळी

हातमोज्याला भोक होनराव सरांनीच पाडलं होतं. शिवणाच्या सुईनं, करंगळीच्या टोकाला. हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्याकडे असलं काही मोठ्यांनी केलं की त्याला शिकवण म्हणतात, आम्ही केलं की नालायकपणा.

"का पाडलंत?" मी विचारलं.

सर टाकी रिकामी करायला आले होते.

तालुक्याच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यासाठी तंत्रज्ञ घडवायचा वर्ग निघाला, तेव्हा हे शिकवायला आले. सगळी नोकरी तसल्याच कारखान्यात झालेली. वर्कशॉपमागच्या खोलीला त्यांनी प्लास्टिकचे पडदे लावले, पत्र्याची टाकी बसवली. टाकीवर लिहिलं, 'ॲसिड'. आत बोअरचं पाणी.

हे ॲसिड लगेच भाजत नाही, ते सांगायचे. कातडीला पत्ताही लागत नाही. आत जातं, हाडापर्यंत. मग कळतं.

म्हणून दंडापर्यंतचा रबरी मोजा घालण्याआधी त्याचं तोंड पिळायचं, हवा बोटांत दाबायची, मोजा गालाजवळ धरायचा. झुळूक लागली की मोजा फेकायचा. रोज. बोअरच्या पाण्यासाठी!

मी वर्गात पहिला. सिलिकॉनच्या चकत्यांचा डबा टाकीत बुडवून, धुऊन बाहेर ठेवायला बाकीच्यांना चार मिनिटं लागायची. मला अडीच.

आदल्या दिवशी कंपनीची माणसं आली होती. घेणार एकालाच. माझ्या बापानं रखवालीच्या नोकरीचा राजीनामा लिहून खिशात ठेवला होता.

माझ्या आधी वर्गातल्या आफरीन शेखनं मोजा गालाजवळ धरला. थांबली. फेकला. दुसरा घेतला, तोही तपासला. कंपनीच्या मॅडम घड्याळ बघत होत्या. मनात म्हटलं, गेली ही.

मी मोजा चढवला आणि सुरू झालो. अडीच मिनिटं. मॅडम हसल्या.

मग सरांनी माझा मोजा ओढून काढला. करंगळी ओली होती. त्यांनी माझा हात सगळ्यांसमोर वर धरला, चोर पकडल्यासारखा.

"नापास."

आफरीनचं नाव लागलं.

"सांगा ना, का पाडलंत?" मी पुन्हा विचारलं.

"प्रत्येकाच्या पहिल्या मोज्याला पाडलं होतं, लोहकरे."

"पाणी होतं सर! पाण्यानं कुणाचं हाड जळलंय?"



सरांनी खोक्यातून एक मोजा काढला. तोंड पिळलं, हवा बोटांत दाबली, स्वतःच्या गालाजवळ धरला. डोळे मिटले. मग तो घालून टाकीचं बूच काढायला हात आत घातला.

मला हसू आलं. "आता कुणाला दाखवताय? कंपनीवाले गेले काल."

"सवय आहे."

"तुमच्या सवयीपायी माझा बाप अजून पाच वर्षं गेटवर उभा राहणार."

"हो."

"हो काय, हो? वाईट वाटत नाही?"

"वाटतं."

"मग त्या मॅडमना फोन करा. म्हणावं, पोरगं हुशार आहे, एकदा चुकलं."

"हुशार आहेस. एकदाच चुकलास." सर टाकीत बघत होते. "फोन करणार नाही."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "उद्यापासून येत नाही मी. नाव काढून टाका."

आणि खरंच गेलो नाही. आजतागायत.

"बरं," सर म्हणाले.

एवढंच. बरं. दोन वर्षं ज्याच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलो, त्या माणसाकडे माझ्यासाठी एक शब्द होता.

दारापर्यंत गेलो. परत फिरलो. लागेल असं काहीतरी बोलायचं होतं.

"खरं सांगा सर. तुमचा स्वतःचा मुलगा असता, तर केलं असतं नापास?"

सरांचा हात पाण्यात तसाच राहिला...

बूच निघालेलं होतं. पाणी हळूहळू खाली चाललं होतं. आधी कोपर बाहेर आलं, मग मनगट. पाणी संपलं तरी हात तिथंच.

"नाही," सर म्हणाले.

"बघा!" मी जवळजवळ ओरडलोच. वाटलं, जिंकलो.

सरांनी मोजा काढला. करंगळी अंगठ्यानं चाचपली. कोरडी होती.

"त्यालाही अडीचच मिनिटं लागायची," ते म्हणाले. "मोजा तपासायचा नाही. मी बघितलं होतं..."



"पास केलं त्याला. कारखान्याच्या टाकीत खरं ॲसिड होतं. आता घरी मी आणि त्याची आई, दोघंच असतो."