पोत्याखालची माती

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. तेजलने मला आखाड्याच्या मातीवर हात ठेवायला लावून तशी शपथ घातली होती.

"मातीनं समदं बरं हुतंय न्हवं, आक्का?"

तेजलने हे विचारलं तेव्हा आम्ही अकरा जणी बैठका संपवून भिंतीला टेकलो होतो. घाम पुसता पुसता, अगदी सहज विचारलं तिने. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझ्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं असतं.

हौसाक्का आमच्या वस्ताद. सत्तरीच्या आहेत. तालीम त्यांच्या वडिलांची. मुलगा नव्हता, म्हणून वडिलांनी सगळे डाव लेकीलाच शिकवले असं गावात सांगतात. आता त्या मुलींना शिकवतात. बोलतात फार कमी. कुणी जास्त प्रश्न विचारले तर तिच्या हातात खोरं देतात आणि माती उकरायला लावतात.

"कुठं दुखतंय तुझं?" आक्कांनी विचारलं.

"कुठं न्हाई. आपलं असंच विचारलं."

आक्कांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्या बाहेर गेल्या आणि एक गोणपाट घेऊन आल्या. ते बादलीत बुडवलं आणि न पिळता आखाड्याच्या कोपऱ्यात अंथरलं. त्यावर वाटीभर तेल ओतलं. कडा बोटांनी दाबून घट्ट बसवल्या, वर चार विटा ठेवल्या.

"चार दिस ह्याला कुणी हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "बाकीची माती रोजच्यासारखी उकरा."

मुली एकमेकींकडे बघून हसल्या. म्हातारीनं आता मातीला पण अंथरूण घातलं, असं रुबिना माझ्या कानात म्हणाली. तेजलही हसली. पण तिचा हात मानेमागे गेला आणि लगेच खाली आला.

जिल्ह्याची निवड आठ दिवसांवर होती.

मला जे माहीत होतं ते असं.

तेजलचे केस कमरेच्या खाली जातात. तालमीत आल्यावर बहुतेक मुली केस कापतात. माझे खांद्यापर्यंत आहेत, तेही आईने हट्ट केला म्हणून. तेजलने मात्र कात्री लावू दिली नाही. केस कापून कुणीबी पैलवान हुतंय, ठेवून होऊन दाखवा, असं ती सगळ्यांना ऐकवायची. आणि तिने करूनही दाखवलं. तिच्या वजनात तिला पाडणारी मुलगी तालुक्यात नाही.

पण दोन वेळचा व्यायाम आणि एवढे केस. सकाळी घामाने भिजलेलं डोकं शाळेच्या वेळेपर्यंत वाळत नाही. म्हणून ती फक्त रविवारी न्हायची. बाकीचे दिवस घामावरच तेल थापायची आणि माझ्याकडून वेणी घट्ट बांधून घ्यायची. तेल लावलं की केस ओले आहेत हे कळत नाही. मी घातलेली वेणी लढतीत सुटत नाही, म्हणून ते काम माझं. तालमीत मला दुसरं काही फारसं जमत नाही, त्यामुळे मला ते आवडायचं.

तीन आठवड्यांपूर्वी वेणी घालताना माझे हात थांबले.

"काय झालं गं?"

मानेच्या थोडं वर, केसांच्या आत एक गोल चट्टा होता. दोन रुपयांच्या नाण्याएवढा. कडा लाल, मध्ये पांढरा कोंडा, आणि तिथले केस बुडाशी तुटलेले. मी तिला हळूच सांगितलं.

तेजलने आखाड्यातली मूठभर माती उचलली, तेलात कालवली आणि त्या जागेवर दाबून बसवली. "बांध आता," म्हणाली.

आमच्याकडे हे सगळ्याच करतात. आखाड्याच्या मातीत हळद असते, ताक असतं, लिंबू असतं, कडुलिंबाचा पाला असतो. खरचटलं, मुरगळलं, मुका मार लागला की तीच माती चोळायची. ती अंगावरून झटकायचीही नाही. तेजलचा तर मातीवर देवासारखा विश्वास.

त्या दिवशीच तिने मला शपथ घातली. निवडीला वजन करताना डॉक्टर अंग तपासतात. कातडीचं काही दिसलं की मुलगी तिथूनच परत. सतरा वर्षांखालच्या गटातलं तेजलचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली की क्रीडा वसतिगृहात जागा मिळते, आणि त्या जागेसाठी ती पाचवीपासून पहाटे उठते आहे.

मग रोज मी मातीवर वेणी घालत होते. लढताना ती माती सुटून आखाड्यात पडायची. कुठे पडते ते मी बघत राहायचे. रुबिनाचा गाल तिथेच घासला जायचा. कधी लहान मुलींचा. वर्गात माझं डोकं खाजलं की मी घरी जाऊन आरशासमोर केस चाळून बघायचे. चट्टा आता पाच रुपयांएवढा झाला होता.

पोतं घातल्याच्या तिसऱ्या दिवशी मी नळावर होते. आक्का मागे येऊन उभ्या राहिल्या.

"वेणी घातल्यावर तू हात किती येळा धुतीस, कस्तुरी?"

मी नळ बंद केला.

"आज चार येळा धुतलेस. पूर्वी एकदाबी धूत नव्हतीस."

मी खाली पाहत राहिले. मी शपथ घेतली होती. आक्कांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी नळ पुन्हा सोडला, म्हणाल्या, "धू," आणि गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघीच आधी पोचलो होतो. आक्का आखाड्याच्या कडेला बसल्या होत्या.

"पोतं काढ," त्या तेजलला म्हणाल्या.

तिने विटा बाजूला केल्या आणि पोतं उचललं. आधी वास आला. आंबट, कुबट, शिळ्या भाकरीच्या डब्याचा येतो तसा. मग दिसलं. माती काळी पडली होती, आणि तिच्यावर पांढऱ्या कापसासारखे धागे धरले होते.

बाकीचा आखाडा लाल आणि भुसभुशीत होता. रोज उकरलेला, वारा लागलेला.

"एकच माती," आक्का म्हणाल्या. "हळद तीच, ताक तेच."

"ओली झाकली म्हणून," तेजल म्हणाली.

"कुणी झाकली?"

"तुम्ही."

आक्का तिच्या वेणीकडे बघत होत्या. तेजल एक पाऊल मागे सरली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

"हिनं सांगितलं?"

"हिनं तोंड उघडलं न्हाई," आक्का म्हणाल्या. "सोड केस."

वेणी सुटायला वेळ लागला. आक्कांनी चष्मा लावला, केस दोन बाजूंना केले आणि बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघत होते. काही दिसलं नाही.

तेजल उठली. आतल्या खोलीतून कात्री घेऊन आली आणि आक्कांपुढे धरली.

"कापा."

आक्कांनी कात्री घेतली, पदराने पुसली आणि आपल्या मांडीखाली ठेवून दिली.

"केसांनी काय केलं?"

त्या दिवशी आक्कांनी सगळ्या मुलींची डोकी पाहिली. कारण सांगितलं नाही. देवाची कृपा, कुणाला काही नव्हतं. कोपऱ्यातली माती त्यांनी स्वतः पाटीत भरून लांब नेऊन टाकली. अंगाला चोळलेली माती पुन्हा कुणी आखाड्यात पडू द्यायची नाही, असंही बजावलं. मग तेजलला घेऊन त्या तालुक्याला गेल्या. कातडीच्या डॉक्टरांनी नायटा सांगितला. गोळ्या किमान महिनाभर. औषधी शांपू आठवड्यातून दोनदा. बाकीच्या दिवशी व्यायाम झाला की साध्या पाण्याने घाम धुवायचा, आणि केस पूर्ण वाळल्याशिवाय बांधायचे नाहीत. तेल बंद. कंगवा आणि टॉवेल वेगळा. व्यायाम एकटीने करायला हरकत नाही, पण ते सांगतील तोवर कुणाशी लढायचं नाही.

तेजल माझ्याशी बोलायची थांबली. वेणी स्वतःच घालू लागली, तीही सैल.

निवडीच्या दोन दिवस आधी फॉर्म आले. आक्का एकेकीच्या फॉर्मवर सही करत होत्या. तेजल शेवटी गेली. मी माती उकरत होते, पण मला सगळं ऐकू येत होतं.

ती म्हणाली की वजन करणारे डॉक्टर हात, पाय, मान बघतात, केस कुणी सोडायला लावत नाही. आणि गोळ्या तर सुरू झाल्याच आहेत.

मला वाटलं, आता आक्का चिडतील. त्यांनी सही केली.

"जा की."

तेजललाच ते खरं वाटेना. "जाऊ?"

"वस्तादाची सही केली मी. ही एक ओळ तेवढी तू भर."

ती ओळ माझ्याही फॉर्मवर होती, कारण तेजलच्या खालच्या वजनात मी राखीव म्हणून नाव दिलं होतं. त्वचेचा आजार, आहे की नाही, नको ते खोडावे.

"तुझ्याशी लढायला कोण असंल?" आक्कांनी विचारलं.

"ठाऊक न्हाई. चिठ्ठीवर ठरतंय."

"तिची वेणी कोण घालत असंल?"

तेजलने फॉर्म घेतला. घडी घालून दप्तरात ठेवला, आणि गेली.

ते दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. आक्का तिला अडवत का नाहीत, हे मला कळत नव्हतं. त्यांचा एक शब्द पुरला असता. एकदा मी विचारायला गेलेही. आक्कांनी माझ्या हातात खोरं दिलं.

आज निवड आहे. जीप सात वाजता तालमीसमोर आली. रुबिना पुढच्या सीटवर कुणी बसायचं म्हणून भांडत होती. तेजल पिशवी घेऊन आली, वेणी घट्ट बांधलेली, आणि मागे बसलीसुद्धा. मी दारात उभी होते. राखीव मुलीला गाडीत जागा नव्हती.

ड्रायव्हरने जीप सुरू केली.

"थांबा," तेजल म्हणाली.

ती खाली उतरली. फॉर्म उघडून आक्कांच्या हातात दिला. मी जवळच होते म्हणून मला दिसलं. "नाही" खोडलेलं होतं. पेन इतकं दाबलं होतं की तिथे कागद फाटला होता.

मग ती जीपमधल्या मुलींकडे वळली. तिच्या डोक्यात नायटा आहे, तीन आठवडे तो लपवून ती त्यांच्याशी लढत होती, हे तिने त्यांना सांगितलं. आवाज मोठा नव्हता, पण एकही शब्द गिळला नाही. रुबिनाने आपल्या गालाला हात लावला. मग म्हणाली, "ह्याच्यापायी आक्कांनी माझ्या डोक्यात अर्धा तास बोटं घातली व्हय," आणि एक-दोघी हसल्या. जीप गेली.

आक्कांनी फॉर्म कमरेला खोचला. शाबासकी दिली नाही.

"आज वार कुठला?"

"बुधवार."

"शांपूचा वार."

तेजलने अंगणातल्या नळापाशी डोकं वाकवलं. आक्का तिच्या केसांवर तांब्याने पाणी सोडत होत्या. किती तांबे झाले मला माहीत नाही. पाणी आधी गढूळ येत होतं, मग पांढरं, मग स्वच्छ. तेजल रडत होती की पाणीच होतं, तेही मला सांगता येणार नाही.

आता ती तालमीच्या कट्ट्यावर बसली आहे. पूर्ण केस मोकळे, पाठीवर पसरलेले, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील असे. आक्काही तिच्याशेजारी बसल्या आहेत. त्यांनी आपला अंबाडा सोडला आहे. त्यांचे केस फार थोडे आहेत, पांढरे. मी एवढ्या वर्षांत ते कधी मोकळे पाहिले नव्हते. ज्या तिघी-चौघी गावात राहिल्या त्या समोरच्या झाडाखाली उभ्या आहेत. कट्ट्याकडे कुणी येत नाही.

थोड्या वेळापूर्वी तेजलने विचारलं, "आक्का, आता माझं काय?"

आक्कांनी तिच्या केसांत बोटं घातली, बुडाशी, आणि ओल चाचपली. "अजून वाळायचे हाईत," एवढंच म्हणाल्या.

मी आत खिडकीपाशी बसून हे लिहिते आहे. मी शपथ मोडली की पाळली, हे मला अजून ठरवता येत नाही. तोंडाने मी एक शब्द बोलले नाही, हे खरं. पण तीन आठवडे गप्प राहिले, हेही खरं, आणि त्या दिवसांत लहान मुलींपैकी एखादीला काही झालं असतं तर मी कुणाला काय सांगणार होते? तेजलला हे विचारावं असं सारखं वाटतं. तिने पाच दिवसांत माझ्याकडे पाहिलेलं नाही. आत्ता जर मी बाहेर गेले, आणि तिच्या शेजारी जाऊन नुसती...

कट्ट्यावरून आक्कांची हाक आली, "कस्तुरी, ऊन चाललं. केस सोडून ये."