फुलीचं शीड

“पण मेस्त्रीकाका, चांगलं लाकूड मिळेल कुठे?”

उपेंद्र खवणेकराने हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारे भिकाजी मेस्त्री रंधा मारत राहिले. खाडीकाठच्या त्या माडाच्या झापांच्या मांडवात त्यांनी साठ वर्षं होड्या बांधल्या होत्या. त्यांनी घाईने उत्तर दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

उपेंद्र गोदीत माल तपासणारा साहेब होता. पत्रा असो की फळी, त्याच्या लाल पेन्सिलीची फुली पडली की बाद. छत्तीस वर्षांत एक खराब फळी त्याच्या हातून सुटली नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि न विचारता सांगायचा.

आता निवृत्त होऊन तो गावी राहत होता. त्याने मेस्त्रींपुढे एक खोका ठेवला. लाकडी गलबताचं किट होतं ते, परदेशातून मागवलेलं. कापून दिलेल्या फासळ्या, बोटाहून बारीक पट्ट्या, डोलकाठ्या, दोरा. सगळं जोडलं की हातभर गलबत तयार व्हायचं.

“चार वर्षं झाली,” तो म्हणाला. “प्लायवूडला पीळ. पट्ट्या वाकवल्या की तडकतात. तीनदा कंपनीला लिहिलं, तीनदा त्यांनी माल बदलून दिला. दर वेळी आधीचा बरा म्हणायची पाळी.”

“जोडलंस किती?”

“जोडणार कसं? असल्या मालाला हात लावायचा नाही, हे माझं पहिल्यापासून...”

मेस्त्रींनी खोका उघडला. आत दोन पुडकी होती. एकात नऊ लाकडं. दुसऱ्यात उरलेली सगळी, आणि प्रत्येकावर लाल फुली.

“कोणासाठी बांधूचा होता?”

“बाबांसाठी.”

उपेंद्रचे वडील विश्राम गलबतावरचे तांडेल, म्हणजे कप्तान; त्यांना सगळा किनारा ओळखायचा. त्यांचं गलबत मंगळुराहून कौलं भरून यायचं. ते कधीच मोडीत निघालं. म्हातारपणी त्यांची एकच इच्छा उरली होती, तसलं गलबत एकदा घरात डोळ्यांपुढे असावं. लेकाने शब्द दिला होता.

गेल्या चैत्रात तांडेल वारले.

“निदान वर्षश्राद्धाच्या आत पुरं करायचंय,” उपेंद्र म्हणाला. “पण अव्वल लाकडात. तुमच्याकडचं जुनं सागवान द्या. सरळ, बिनगाठीचं.”

मेस्त्रींनी मांडवाच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथे वाकड्यातिकड्या फांद्यांचा ढीग होता.

“ता काय आसा, सांग.”

“जळण.”

“त्यातल्या एका फांदीसाठी तीन दिवस रान फिरलंय मी. होडीची फासळी आसा ती.” मेस्त्री हसले. “सरळ लाकडाचो पाट होता, बाबा. होडी होयत नाय.”

“ती फांदी हवी तिथे वाकडी आहे. हे किट नको तिथे वाकडं आहे,” उपेंद्र म्हणाला. सहजासहजी हार मानणारा माणूस नव्हता तो.

मेस्त्रींनी फुलीची एक पट्टी पिंपातल्या पाण्यात बुडवली आणि ती मऊ होईपर्यंत बसून राहिले. मग पट्टी बाहेर काढून त्यांनी ती फासळीवर हळूहळू दाबली. एका जागी बारीक चीर गेली. त्यांनी सरसात चिमूटभर भुसा कालवून चिरेत भरला, वरून अंगठा फिरवला.

पट्टी बसली.

“चीर दिसते,” उपेंद्र म्हणाला.

“दिसता,” मेस्त्री म्हणाले.

खोक्याच्या तळाशी एक कापडाची घडी होती. मेस्त्रींनी हात घातला.

“ते राहू द्या...”

पण घडी उलगडली होती. जुन्या धोतराचं शीड, हातभर गलबताला पुरेल एवढं. चारी बाजूंनी हातशिलाई. एका कोपऱ्यात टाके भरकटले होते.

तिथे लाल फुली होती.

“ह्या कोणी शिवल्यान?”

“बाबांनी.” उपेंद्र जमिनीकडे बघत होता. “किट आलं त्याच वर्षी शिवायला बसले. डोळ्यांना कमी दिसायचं. टाका वाकडा गेला आणि मी... सवयीने हो... हातात पेन्सिल होती...”

“त्यांनी बघल्यानी?”

“बघितलं. घडी घालून खोक्यात ठेवून दिलं. तोवर रोज विचारायचे, कणा जोडलास का रे? त्या दिवसापासून विचारायचे बंद झाले. आणि मी वेड्यासारखा कंपनीला पत्रं लिहीत बसलो.”

साठी उलटलेला तो साहेब रडायला लागला. त्याने पिंपात अंगठा बुडवला आणि ओल्या अंगठ्याने फुली घासू लागला. लाल रंग पसरला, गेला नाही.

“काही लावून निघेल का हो? की दुसरं शिवून घेऊ? धोतर आहे अजून घरात. शिंप्याकडून सरळ टाक्यात...”

मेस्त्रींनी शीड त्याच्या हातातून काढून घेतलं. झटकलं. नीट घडी घालून फुल्यांच्या पुडक्यावर ठेवलं आणि खोका त्याच्याकडे सरकवला.

“शीड ह्याच चढतला,” ते म्हणाले. “आता तेका शोभात असा गलबत बांध.”