बिबटे महाराजांचा शब्दशुद्धी आदेश

फार लांब नाही, पण नकाशात सापडणार नाही इतक्या अंतरावर एक जंगल होतं. तिथे बिबटे महाराज राज्य करत. ते रीतसर निवडून आले होते. "दिवसा मी कुणालाही खाणार नाही," असं त्यांनी प्रचारात सांगितलं होतं आणि ते दिलेला शब्द पाळत. सूर्य कधी मावळला हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे होता.

या जंगलात एक जुनी पद्धत होती. झाडावरच्या वानराला बिबट्या दिसला की ते "खक" म्हणे. खाली चरणाऱ्या चितळाला बिबट्याचा वास आला की ते "टिव" म्हणे. दोन्ही मिळून शब्द व्हायचा: खक-टिव. तो ऐकला की अख्खं जंगल पळायचं. अर्ध्या शब्दावर कुणी हलत नसे. वानराला नुसता खोकलाही येऊ शकतो, आणि वारा चितळाच्या नाकाला फसवू शकतो. एकाचे डोळे आणि दुसऱ्याचं नाक जुळलं तरच पळायचं, म्हणजे उगाच कुणी दमत नाही.

एकदा शहरातून राघूशास्त्री नावाचा पोपट आला. भाषेच्या एका प्राध्यापकांच्या व्हरांड्यात, पिंजऱ्यात तो वाढला होता. महाराजांनी त्याला बोलावून घेतलं.

"काय शिकलास तिथे?"

"महाराज, इंग्रजीत 'टेलिव्हिजन' म्हणून शब्द आहे. त्यातलं 'टेली' ग्रीक आणि 'व्हिजन' लॅटिन. 'ऑटोमोबाइल'चंही तसंच, डोकं ग्रीक आणि धड लॅटिन. असल्या शब्दांवर मोठमोठ्या विद्वानांनी नाकं मुरडली. दोन घराण्यांची भेसळ म्हणाले."

"मग?"

"मग काही नाही. लोक टेलिव्हिजन बघत राहिले."

हे शेवटचं वाक्य महाराजांनी ऐकलं नाही. ते विचारात पडले होते.

"आपल्याकडे आहे का रे असा एखादा भेसळीचा शब्द?"

राघूशास्त्र्यानं मान तिरकी केली. "एकच आहे, महाराज. खक-टिव."

हा शब्द महाराजांनी पुष्कळदा ऐकला होता. दर वेळी उपाशीपोटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वानरांची सभा झाली. महाराज म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो! तुमचं 'खक' किती प्राचीन, किती खणखणीत! आणि त्याच्या शेपटीला हे कुणाचं 'टिव' लोंबतंय?" वानरांनी मागे वळून आपापल्या शेपट्या पाहिल्या आणि त्यांना राग आला. दुपारी चितळांची सभा झाली. "पिढ्यान्‌पिढ्या तुमचं 'टिव' दुसऱ्या नंबरावर! पहिल्या का नाही?" चितळांना हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांनाही राग आला.

संध्याकाळी आदेश निघाला: एक शब्द, एक घराणं. दोन घराण्यांचा शब्द उच्चारणाऱ्यांना जंगलाबाहेर काढण्यात येईल.

नदीकाठी बेहड्याचं एक झाड होतं. त्याच्यावर बाजी नावाचं वानर राही आणि खाली केतकी नावाची चितळीण चरत असे. बाजी रोज वरून कोवळा पाला टाकायचा. त्या दिवशी टाकला नाही.

"बाजीभाऊ, आज पाला नाही?"

"आमच्या पाल्याची तुम्हाला काय गरज? तुम्ही म्हणे आता पहिल्या नंबरावर."

"मी म्हटलं का तसं? आमचे पुढारी म्हणतात."

"मग पुढाऱ्यांकडून घ्या पाला."

"तसं नव्हे हो," केतकी म्हणाली. "पाडस अजून धड उभंही राहत नाही. गवतात निजवलंय. तुम्ही वरून बघणार नसाल तर मी कुणाच्या डोळ्यांनी बघू?"

बऱ्याच वेळानं पाल्यानं भरलेली एक डहाळी खाली पडली.

"हातातून निसटली," तो म्हणाला.

इकडे वानर अभिमानानं दिवसभर "खक-खक" म्हणू लागले. चितळांनी चढ्या आवाजात "टिव-टिव" सुरू केलं. लग्नात, बारशात, जावई आला तरी तेच. खऱ्या धोक्यापायी कुणी "खक" म्हटलं तर शेजारी "विजय असो!" म्हणून मोकळे होत. सांबराचं वासरू नाहीसं झालं. डुकरिणीची पिल्लं नाहीशी झाली. राघूशास्त्री आता शब्दमंत्री होते. त्यांनी निवेदन केलं: "आदेशानंतर जंगलात एकदाही खक-टिव ऐकू आलेलं नाही. धोका असता तर ते ऐकू आलं असतं. अर्थात धोका संपला आहे. पिल्लं शिक्षणासाठी बाहेरगावी गेली असावीत."

टाळ्या झाल्या. डुकरिणीनं टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून तिच्यावर पाळत ठेवण्यात आली.

मग एके दिवशी भर उन्हात महाराजांनी सूर्यास्त जाहीर केला.

बाजीला वरून गवत हलताना दिसलं. गवतात ठिपके होते आणि ते पाडसाच्या दिशेनं सरकत होते.

"खक!"

"विजय असो!" शेजारच्या फांदीवरून उत्तर आलं.

केतकीनं मान वर केली. बाजीचा आवाज ती ओळखत होती. ही घोषणा नव्हती. तेवढ्यात वासही आला. बोलावं तर दोघांनाही जंगलाबाहेर जावं लागणार, आणि न चालणारं पाडस घेऊन जायचं कुठे? न बोलावं तर पाडसच राहणार नाही. तिनं वर पाहिलं. बाजी बिबट्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"टिव," केतकी म्हणाली.

अख्खं जंगल पळालं. घोषणा देणारे पळाले, पाळत ठेवणारे पळाले. शब्दमंत्री सगळ्यांत आधी उडाले. बोभाटा झाला की बिबट्या शिकार सोडतो; महाराज झाला म्हणून स्वभाव बदलत नाही. निपचित पडलेल्या पाडसाला ओलांडून महाराज धुळीत शिंकत निघून गेले.

चौकशी बसली.

"खक-टिव कुणी ऐकलं?"

ऐकलं म्हणावं, तर बंदी घातलेला शब्द कळतो हे कबूल करावं लागणार. कुणीच ऐकलं नव्हतं.

"मग पळालात का?"

"व्यायाम, महाराज."

"सगळे? एकदम?"

"आपलीच प्रेरणा, महाराज."

महाराजांपुढे दुसरा मार्ग उरला नाही. तो दिवस जंगल-धाव दिन म्हणून साजरा करण्याचं ठरलं. केतकी आणि बाजी वाचले.

पण पाडस कुणामुळे वाचलं, यावर कुजबुज सुरू झाली. वानर म्हणाले खकमुळे, चितळं म्हणाली टिवमुळे. "अहो, दोन्ही मिळून!" असं केतकी सांगत फिरली, तर तिला भेसळवाली म्हणू लागले. निवडणुकीपर्यंत कुजबुजीचं भांडण झालं होतं. आपण पुन्हा आलो तर सरकारी समारंभात आधी 'टिव' म्हटलं जाईल, असं वचन महाराजांनी दिलं. ते पुन्हा निवडून आले. चितळांची मतं निर्णायक ठरली.

केतकीच्या पाडसाला तोवर शिंगं फुटली होती. त्याचं ते पहिलंच मत.

"जाऊ नको रे मिरवणुकीत," केतकी म्हणाली.

"आई, तुला राजकारणातलं काही कळत नाही. इतक्या वर्षांत आपल्या 'टिव'ला मान दुसऱ्या कुणी दिला?"

मिरवणुकीत ते सगळ्यांच्या पुढे, गुलालात नाचत होतं. महाराज त्याच्या अगदी मागे होते, जनतेत मिसळून.